मास्तर डावीकडे वळला नाही

चार्ज द्यायला खरं तर अर्धा तास पुरतो. किल्ल्यांचा जुडगा, शिक्के, तपासणीच्या वह्या, जनावराच्या डोळ्यात मारून बघायची ही बॅटरी, आणि लाथ मारल्याशिवाय न उघडणारं हे कपाट. यावर तुमची सही झाली की मी निवृत्त, आणि तुम्ही या कत्तलखान्याच्या डॉक्टर. पण बसा थोडं, डॉक्टरीणबाई. बाहेर संध्याकाळचं धुकं उतरलंय, लाइट गेली आहे, जनरेटर सगळा शीतगृहाला लागतो, आपल्या वाट्याला हा एवढा दिवा. चहा येईपर्यंत एक हकीकत सांगतो. ती कुठल्या वहीत सापडणार नाही. आणि ती न सांगता ही खुर्ची तुम्हाला देऊन गेलो, तर मला घरी झोप लागायची नाही.

मी शूर माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, घरात उंदीर निघाला तर हे आधी त्यालाच विचारतील, तुम्हाला आमचा काही त्रास तर होत नाही ना. ती चेष्टेनं म्हणते, पण खोटं नाही. उभ्या नोकरीत मी कुणाशी भांडलो नाही. वरच्यांशी तर नाहीच.

इथलं काम कसं चालतं ते आधी नीट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं कळेल. ट्रकमधून मेंढ्या मागच्या शेडमध्ये उतरतात. रात्रभर त्यांनी तिथं विसावायचं, पाणी प्यायचं. सकाळी मी त्यांना तपासतो. मग गल्ली. दोन्ही अंगांना कमरेएवढ्या भिंती, जरा चढाची, एका वेळी एकच मेंढी मावेल इतकी अरुंद. गल्लीच्या टोकाला हातात विजेचा चिमटा घेऊन पैलवान उभा असतो. काडीसारख्या माणसाला हे नाव कुणी दिलं ठाऊक नाही, पण आता त्याची बायकोही त्याला तेच म्हणते. चिमटा डोक्याला लागला की मेंढी त्या क्षणी बेशुद्ध व्हायला हवी. मग तिचा पाय आकड्यात अडकवायचा, आकडा साखळीवर सरकतो, आणि वीस सेकंदांवर सुरीवाला. आपला सगळा कायदा त्या एका क्षणावर उभा आहे. टांगल्यावर जनावरानं मान उचलली, पापणी हलवली, की ते शुद्धीवर आहे असं समजायचं आणि भिंतीवरचं लाल बटण दाबून साखळी थांबवायची. ते बटण दाबायचा अधिकार एकट्या डॉक्टरचा. मॅनेजरचाही नाही.

मॅनेजर तेव्हा दुसरे होते. वरच्या काचेच्या खोलीत बसून ते भोंग्यातून हुकूम सोडत. उंटावरून शेळ्या हाकणं ही लोकांसाठी म्हण असेल, आमच्याकडे ती कामाची पद्धत होती.

आता गल्लीतली खरी अडचण सांगतो. मेंढी मागे जाते. पुढे कुणी असेल तर विहिरीतही जाईल, पण पुढे कुणी नसेल तर तुम्ही तिला ढकला, ओरडा, काही करा, ती चार पाय रोवून उभी राहते. मग माणसं चिडतात. कान पिरगाळतात, लोकर धरून ओढतात, करंटची काठी लावतात. या सगळ्याला बंदी आहे, आणि बहुतेक ठिकाणी हेच चालतं. आमच्याकडे मात्र पाच वर्षं हे काही झालं नाही, कारण आमच्याकडे मास्तर होता.

मास्तर म्हणजे बोकड. एका ट्रकात त्याचा जन्म झाला होता, आई वाटेतच गेली होती. ओल्या चिंधीसारखं ते पिल्लू शेड सांभाळणाऱ्या मावशींनी उचललं आणि ओच्यात घेतलं. कागदावर ते कुठेच नव्हतं. मीही ते कागदावर येऊ दिलं नाही. मावशींनी त्याला बाटलीनं दूध पाजलं, आपल्या खोलीत निजवलं. मावशींना मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेलेला, माणूस बोलायला लागलं की त्या कामाला लागायच्या. पण त्या पिल्लाशी दिवसभर बोलायच्या. दोन वर्षांत ते दांडगं झालं, शिंगं आली, पांढरी दाढी आली, आणि चाल अशी की पाठीमागे वर्ग असल्यासारखी. म्हणून मास्तर.

मावशींनी त्याला शिकवलं. गल्लीच्या तोंडाशी तो उभा राहायचा, मागे वळून एकदा बघायचा, आणि चालायला लागायचा. टक, टक, टक. मेंढ्या त्याच्या मागे मुकाट. टोकाला पोचलं की डाव्या हाताला एक झडप आहे, खालून मोकळी, वर बिजागरी. मास्तर तिला कपाळानं ढोसून बाहेर पडायचा, झडप मागे पडायची, आणि मेंढ्या सरळ पैलवानाकडे. झडपेपलीकडे मावशी गाजर घेऊन उभ्या असायच्या. गाजर संपलं तरी तो त्यांचा हात सोडायचा नाही. ओलं नाक तळहाताखाली घालून हात वर ढकलत राहायचा. मी तिथं असलो तर माझाही हात ढकलायचा. मी लाजेकाजेनं खिशात गाजर ठेवायला लागलो. डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात गाजर, म्हणून पैलवान मला हसायचा.

नवा माणूस कामावर आला की म्हणायचा, हा तर केसानं गळा कापणारा निघाला. मावशींना ते आवडायचं नाही. त्या म्हणायच्या, "फसवत नाही तो. सोबत करतो. भीत भीत मरण्यापेक्षा कुणाच्या मागनं गेलेलं काय वाईट?" असं म्हणताना त्या समोरच्याकडे बघायच्या नाहीत.

मग तो दिवस आला. बाहेरून बडे ग्राहक पाहणीला येणार होते. आदल्या दिवसापासून रंगरंगोटी. कुणीतरी झडपही रंगवली, आणि रंग पुसला जाऊ नये म्हणून तिला बाहेरून कडी घातली. कडी घालणाऱ्याला झडप कशासाठी आहे हे माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना कडीचं कुणी सांगितलं नाही. मावशींना तर गाजर हातात घेऊन पाहुण्यांसमोर उभं राहू नका म्हणून मागे शेडमध्येच थांबवलं होतं. त्या तिथं असत्या, तर त्यांनी कडी पाहिली असती.

मास्तर चालत आला. झडपेला कपाळ लावलं. ढोसलं. पुन्हा ढोसलं. मागून चाळीस मेंढ्यांचा रेटा. त्याला पुढे सरकावं लागलं. पैलवानाचं असं असतं की दर दहा सेकंदांनी एक डोकं समोर येतं आणि हात आपोआप जातो. नंतर तो मला रडत म्हणाला, "हात चालत होता साहेब, डोळा नव्हता चालत." शिंगांमुळे चिमटा नीट बसला नाही. मास्तर कोसळला, आकड्याला लागला, साखळी पुढे सरकली, आणि आपण काय केलं ते तेव्हा पैलवानाला दिसलं.

मी लाल बटणापासून हातभर अंतरावर होतो. मास्तर उलटा लटकत माझ्यासमोर आला आणि त्यानं मान उचलली. डोळे उघडे होते. बोकडाच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, फटीसारखी, त्यात काही वाचता येत नाही असं पुस्तकात लिहितात. मला वाचता आलं. त्यानं मला ओळखलं होतं. आणि त्यानं नाक पुढे केलं, माझ्या हाताकडे.

माझ्या पाठीमागे, वर, काचेआड मॅनेजर आणि पाहुणे होते. त्या सकाळी साखळी दोनदा थांबली होती, आणि मॅनेजरनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं की तिसऱ्यांदा थांबली तर तुमच्याबद्दल वर पत्र जाईल. माझा हात उचलला गेला. बटणाकडे निघाला. आणि मी त्या हातानं कान खाजवला.

सुरीवाल्यापर्यंत वीस सेकंद लागतात हे मी मघाशी सांगितलं. ते वीस सेकंद मी कान खाजवत होतो.

संध्याकाळी मावशी माझ्या दाराशी आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. विचारलं, "त्याला कळलं का हो काही?"

"काही नाही. चिमटा लागला आणि संपलं."

"नक्की?"

"नक्की."

"तुम्ही होतात जवळ. मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. मी त्या दिवसाच्या वहीत लिहिलं, नोंद घेण्यासारखं काही नाही.

पुढचे पंधरा दिवस सांगायला मला लाज वाटते. मास्तर नाही म्हटल्यावर मेंढ्या गल्लीत शिरेनात. कपाटावर धूळ खात पडलेली करंटची काठी खाली आली. पायाला धरून ओढणं, कानाला धरून उचलणं, बुटाचं टोक, सगळं आलं. एक मेंढी शेडमध्ये पडली आणि उठेना, तर तिला दोरीनं फरफटत गल्लीपर्यंत नेलं. मी मूग गिळून बसलो. ज्या माणसानं बटण दाबलं नाही त्यानं दुसऱ्याच्या हातातल्या काठीबद्दल कुठल्या तोंडानं बोलायचं, अशी माझी समजूत होती. भित्र्या माणसाला तत्त्वं फार लवकर सुचतात.

सोळाव्या दिवशी सकाळी असंच धुकं होतं. शेडचे दिवे धुक्यात पिवळे डाग होऊन लटकत होते. मी गल्लीच्या टोकाशी, पैलवानाजवळ, आरडाओरडा सुरू व्हायची वाट बघत उभा होतो. तो सुरू होईना. माणसांचा आवाज नाही, मेंढ्यांचाही नाही. एवढ्या मेंढ्या एका छपराखाली असताना इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत गल्लीच्या खालच्या बाजूनं आवाज येऊ लागला.

टक. टक. टक.

मेंढ्यांच्या खुरांचा नव्हता तो. मेंढ्या पुष्कळ खुरांनी पाऊस पडल्यासारख्या चालतात. हा एकाचाच होता, सावकाश, वजनदार. पाठोपाठ वास आला. ओल्या बोकडाचा तो उग्र वास, जो कपड्यांना लागला की दोन धुण्यांत जात नाही. आमच्याकडे त्या दिवशी एकही बोकड नव्हता.

धुक्यातून पहिली मेंढी दिसली. मान खाली घालून, नाक पुढे करून, कुणाच्या तरी शेपटीला लागून चालावं तशी चालत होती. तिच्या पुढे कुणी नव्हतं. पण ती पैलवानापाशी येऊन थांबली तेव्हा दोघांमध्ये एका जनावराची जागा मोकळी होती, आणि मागून रेटा असूनही ती त्या जागेत पाय टाकत नव्हती.

"साहेब…" पैलवान ओठ न हलवता बोलला. "पुढे कोण आहे…?"

मी झडपेकडे बघत होतो. तिची कडी आता काढलेली होती. पलीकडे मावशी गाजर घेऊन उभ्या होत्या. त्या रोजच तशा उभ्या राहत, सवयीनं, आणि त्यांना कुणी अडवत नसे. मला वाटलं, आता झडप हलेल. खरं सांगतो, ती हलावी असं मला फार वाटलं. खुरांचा आवाज झडपेपाशी आला. थांबला. मावशींनी हळूच जीभ वाजवली, पूर्वी वाजवायच्या तशी.

झडप हलली नाही. टक, टक, आवाज सरळ पुढे गेला, चिमट्याकडे. आणि वरचा पहिला आकडा, ज्याला कुणी काही अडकवलं नव्हतं, झोका घेऊन एकदम ताठ झाला. साखळी ताणली गेल्याचा आवाज आला. तो रिकामा आकडा वजन घेऊन सरकावा तसा सरकत सुरीवाल्यापर्यंत गेला, आणि सुरीवाला सुरी खाली ठेवून भिंतीला टेकला.

त्यानंतर मेंढ्या एकीमागून एक गेल्या. कुणी काठी उचलली नाही.

रोज हे होऊ लागलं. प्रत्येक खेपेला. मी, पैलवान आणि सुरीवाला, आम्ही तिघं त्याबद्दल कधी एकमेकांशी बोललो नाही. आमची पाचावर धारण बसलेली, आणि मॅनेजर वरून खूश. भोंग्यातून म्हणाले, "बघा, शिस्त लावली की जनावरालाही लागते." पैलवान हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. तो त्या दिवसापासून पहिल्या आकड्याला काही लावेनासा झाला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

असा महिना गेला. मग पुन्हा धुक्याचा दिवस, दुपारपर्यंत ऊन नाही, आणि वीज मंद. दिवे डुगडुगत होते. चिमट्यात जोर नव्हता, पण तो किती नव्हता हे पहिली मेंढी टांगल्यावर कळलं. तिनं मान उचलली. पैलवानानं माझ्याकडे बघितलं. दुसरी टांगली गेली. तिनंही मान उचलली, आणि तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

भोंग्यातून मॅनेजर म्हणाले, "डॉक्टर, संध्याकाळची गाडी गाठायचीय. चालू राहू द्या."

माझा हात तसाच लोंबत होता. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, मी पुन्हा कान खाजवला असता. ते पत्र, ती बदली, बायकोचं दुखणं, तीन वर्षांवर आलेली निवृत्ती, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि मेंढ्या दोन, वीस सेकंद. कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात गल्लीतल्या सगळ्या मेंढ्या थांबल्या. पार शेवटच्या मेंढीपर्यंत. पैलवानाचा चिमटा हवेत राहिला.

टक.

आवाज गल्लीतून आला नाही. पुढून आला, सुरीवाल्याच्या बाजूनं, धुतलेल्या लादीवरून. इतके दिवस तो फक्त त्या बाजूला जायचा. परत आलेला कधी ऐकला नव्हता. टक… टक… माझ्याकडे येत होता. मला मान वळवता येईना. वास आधी आला, मग शेजारी कुणीतरी उभं राहिल्याची ऊब. पँटच्या कापडावर श्वास लागला.

आणि माझ्या लोंबत्या उजव्या तळहाताखाली ओलं नाक आलं.

त्यानं हात वर ढकलला. एकदा. हात पुन्हा खाली पडला. त्यानं पुन्हा ढकलला, हळू, गाजर मागताना ढकलायचा तसा. रागानं नाही हो. राग असता तर मला सोसला असता, मी रागावणाऱ्या माणसांत आयुष्य काढलंय. त्या ढकलण्यात विश्वास होता. हा माणूस देतो, हे त्याला अजून माहीत होतं. माझा असा हुंदका फुटला की पैलवानानं दचकून चिमटा खाली टाकला, आणि मी बटण दाबलं.

साखळी थांबली. इतकी वर्षं त्या घरघरीत राहिल्यावर ती बंद झाली की कान दुखतात.

"कोणी थांबवली?" भोंगा.

"मी."

"कारण?"

"शुद्धीवर आहेत. दोन्ही."

"डॉक्टर, तुम्हाला परिणाम माहीत आहेत."

"माहीत आहेत," मी म्हणालो. पैलवान तोवर दुसरा, जुना चिमटा शीतगृहाच्या जनरेटरला जोडून धावत आला होता, त्याला जोर होता. त्यानं दोघींना एकेक करून नीट लावला, आणि मी बॅटरी घेऊन पापण्या तपासल्या. मग मी तीन दिवस काम बंद ठेवायचा आदेश लिहिला. त्याच बैठकीत अहवालही लिहिला. काठीचं, फरफटीचं, पंधरा दिवसांचं, आणि मास्तरचं. माझ्या कानाचंही लिहिलं. वर मोठा गहजब झाला. मॅनेजर गेले. माझी बढती कायमची गेली, ते ठीकच झालं.

अहवालावर सही करून मी शेडमध्ये गेलो. वरच्यांना सांगणं सोपं होतं, हे राहिलं होतं. मावशी पाण्याचं टाकं घासत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांचा ब्रश थांबला नाही.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"वीस सेकंद."

"बघत होता?"

"माझ्याकडे."

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही मला काहीही बोला."

"काय बोलू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही दाराशी खोटं बोललात ते तेव्हाच कळलं होतं मला. तुमच्या तोंडावर दिसत होतं. मलाच खरं नको होतं." मग ब्रश ठेवून त्या टाक्याच्या कडेला बसल्या. "पाच वर्षं शिकवलं मी त्याला, डॉक्टरसाहेब. सगळ्यांना आत घाल आणि शेवटच्या पावलाला तू बाजूला हो. त्याबद्दल गाजर. तुमचे वीस सेकंद. माझी पाच वर्षं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. कोट भिजला.

"आता वळत नाही तो," त्या म्हणाल्या. "मी रोज जीभ वाजवते. थांबतो. ऐकतो माझं. त्याला यायचं असतं, मला कळतं ना… झडपेला कपाळ टेकवतो. पण ढोसत नाही. त्यांना एकट्यांना सोडून यायचं नाही त्याला आता." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "त्याला तिथं दुखतं का हो? रोज… प्रत्येक खेपेला?"

दुसऱ्या दिवशी मी आणि पैलवान बोललो. पहिल्यांदाच बोललो त्याबद्दल. तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे, ती तुम्हाला उद्या दिसेल, तर हसू नका आणि कारण विचारू नका. सकाळी चिमटा मी मोजून घेतो, जोर पुरेसा आहे ना म्हणून. मग गल्लीतून पावलं वर येतात. झडपेपाशी थांबतात, पुढे येतात. पैलवान खाली वाकतो, आणि मेंढीच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच, रिकाम्या हवेत चिमटा धरतो. जरा रुंद करून, शिंगांना जागा सोडून. मनात तीन आकडे मोजतो. मग पहिला आकडा रिकामा जातो. मी त्याच्याबरोबर सुरीवाल्यापर्यंत चालत जातो, आणि बॅटरी मारून बघतो. हवेतच. तीन वर्षं रोज बघतोय. मान उचललेली नाही त्यानं, असं मी मावशींना रोज सांगतो. खरं सांगतोय की नाही हे मला तरी कुठून कळणार? पण त्या आता रात्री झोपतात.

उद्यापासून ते चालणं तुमचं. मला याचीच काळजी होती. कायदा तुम्हाला पाठ आहे, हुशारीही आहे, ते मी बघितलं. पण बटण दाबायची वेळ येते तेव्हा हुशारी काचेच्या बाजूनं बोलते, आणि हात लोंबत राहतो. हे माझ्याशिवाय तुम्हाला कुणी सांगितलं नसतं. इथं मी बसलो होतो, तुमचा स्वभाव कसा आहे, तुमच्या वाट्याला तो येईल का, याचा विचार करत.

आता नाही करत. दुपारी तुम्ही एकट्याच गल्लीतून चालत टोकापर्यंत जाऊन आलात ना? तेव्हा शेड रिकामी होती, आज खेप नव्हतीच. मी हे सगळं बोलत असताना तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही उजवा तळहात रुमालाला पुसताय. ही चौथी वेळ. रुमाल पिळण्याइतका ओला झालाय बघा.

राहू द्या, पुसू नका. चहा घ्या, मावशी आल्याच बघा. त्यांना हात दाखवा तुमचा. बोलू नका काही, नुसता दाखवा.